कॅमेरा ट्रॅपपुढे गंध ठेवावा का, आणि कोणता? (सत्तरी: कोल्हा, उदमांजर, वाघाटी)

वाळपईकर (प्रश्न)

नमस्कार. गोव्यातील सत्तरी तालुक्यात आमचे वडिलोपार्जित कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. त्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या उतारावर आमचीच काजूची बाग असून बागेपलीकडे सरकारी रान सुरू होते. रात्री तेथे कोणकोणते प्राणी वावरतात याची नीट नोंद व्हावी म्हणून आम्ही हिवाळ्यापासून बागेत कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र काढणारे कॅमेरे) लावलेले आहेत. रानडुक्कर, साळिंदर आणि वाड्यावरची (वस्तीवरची) कुत्री यांची छायाचित्रे भरपूर मिळतात. कोल्हेकुई मात्र जवळजवळ रोज कानी पडत असूनही कोल्हा कॅमेऱ्यापुढून जातो तो शेपटीचे टोक दाखवून, आणि जवादी मांजर, उदमांजर व वाघाटी (लहान रानमांजर) यांच्या बाबतीत तर धूसर आकृतीवरून तर्क करण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

उत्तर अमेरिकेत कोयोटी (कोल्ह्याचा भाऊबंद), तांबडा खोकड, रॅकून, बॉबकॅट (रानमांजर) इत्यादी प्राणी केसाळ कातड्यासाठी सापळ्यांत धरतात आणि त्यासाठी निरनिराळे गंध वापरतात, असे वाचनात आले. तेथे या गंधांचा व्यापारच चालतो: ग्रंथींचा अर्क, मूत्र, कुजवलेले मांस, स्कंक या प्राण्याचा उग्र दर्प, बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथींतील कॅस्टोरियम आणि चक्क हिंग. मला प्राणी धरायचा नाही, त्याने कॅमेऱ्यापुढे चार क्षण थांबावे एवढीच अपेक्षा आहे. यांपैकी कोणत्या प्रकारचा गंध आपल्याकडच्या प्राण्यांना लागू पडेल, तो परदेशातून मागवावा की येथील बाजारातील वस्तूंतून तयार करावा, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो टिकेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त वनकर्मी (उत्तर)

गंध कोणता हे ठरवण्यापूर्वी परवानगीचा विचार व्हावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या संज्ञेची व्याख्या कलम २(१६) मध्ये दिलेली आहे. ठार मारणे आणि विष घालणे यांच्याबरोबरच पकडणे, फासे लावणे, सापळा लावणे, हाकारणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सर्व त्या व्याख्येत येते. प्राणी धरायचा नाही हा आपला हेतू मी मान्य करतो. परंतु रात्री रानाच्या कडेला उग्र वासाची वस्तू बांधणाऱ्या माणसाचा हेतू गस्तीवरच्या वनरक्षकाने कसा ओळखावा? जमीन आपल्या मालकीची आहे एवढ्याने भागत नाही, कारण कलम ९ चा निषेध प्राण्याला लागू आहे, मग तो अभयारण्यात असो वा कुळागरात.

संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडून लेखी परवानगी मिळू शकते, आणि काम अभयारण्याच्या हद्दीत जात असेल तर कलम २८ खाली प्रवेशाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. आपली बाग म्हादई अभयारण्याच्या हद्दीला लागून असल्यास सर्व्हे क्रमांक आधी तपासून घ्या. २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमाच्या अनुसूची (संरक्षित प्राण्यांच्या याद्या) नव्याने मांडलेल्या असून ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे; म्हणून जुन्या पुस्तकावरून अर्ज लिहू नये. नुसता कॅमेरा आपल्या जागेत लावण्याविषयी मला काही म्हणायचे नाही. त्यापुढे काही ठेवायचे असेल, तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना अर्जाची प्रत देऊन मगच ठेवा.

आणखी एक. सत्तरीत गोळावलीच्या रानात २०२० च्या जानेवारीत वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले. त्या घटनेनंतर या भागात रानात मांस ठेवणाऱ्याकडे कोणीही सरळ नजरेने पाहणार नाही, आणि ते योग्यच आहे.

मूळ फोंड्याचा, मुक्काम मोंटाना (उत्तर)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. येथे परवाना असलेल्या एका शेजाऱ्याबरोबर मी हिवाळ्यात सापळ्यांची फेरी मारीत आलो आहे, त्यावरून गंधांच्या बाबतीत जे समजले ते लिहितो. अमेरिकेतील नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि येथे चालते ते गोव्यात चालेल असे कोणी समजू नये. उपयोग आहे तो त्यामागच्या विचाराचा.

विकत मिळणारे गंध शेकड्यांनी असले तरी ते तीन हेतूंचे असतात. पहिला भुकेचा: मुरवलेले मांस, माशाचे तेल, कुजके अंडे. दुसरा शेजाऱ्याचा: त्याच जातीच्या प्राण्याचे मूत्र आणि ग्रंथींचा अर्क, ज्यावरून ‘माझ्या हद्दीत कोण येऊन गेला’ असा प्रश्न त्याला पडतो. तिसरा कुतूहलाचा: स्कंकचा दर्प, कॅस्टोरियम, बडीशेपेच्या जातीचे तेल, व्हॅलेरियनचे मूळ, हिंग. हा वास ना खाण्याचा असतो ना ओळखीच्याचा. तो नेमका कशाचा, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही म्हणून प्राणी जवळ येतो.

कोयोटीच्या बाबतीत या तिघांचा मोसम ठरलेला आहे. शरद ऋतूत, पिल्ले नुकती स्वतंत्र होऊन भटकू लागलेली असतात तेव्हा भुकेचा गंध चालतो. जानेवारीपासून पुढे जोड्या जमतात तेव्हा मूत्र आणि ग्रंथी यांना जोर येतो. कडाक्याच्या थंडीत साधे वास हवेत उठतच नाहीत, म्हणून स्कंकचा थेंब मिसळून मिश्रण उग्र केले जाते, आणि ते गोठू नये म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. हेच उग्र मिश्रण उन्हाळ्यात वापरल्यास वास दूरवर जातो खरा, परंतु अनुभवी कोयोटी लांबूनच वळसा घालून निघून जातो. उग्र तेवढा गुणकारी, हा नवशिक्यांचा समज आहे आणि गंध विकणाऱ्यांनी तो जोपासलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गंधाइतकीच मांडणी महत्त्वाची. येथील सर्वांत रुळलेली रीत अशी, की जमिनीत तिरके भोक पाडून त्याच्या तळाशी आमिष ठेवायचे, म्हणजे एखाद्या प्राण्याने आपले उरलेले खाणे पुरून ठेवले आहे असे दिसावे, आणि भोकाच्या तोंडाशी मातीखाली सापळा बसवायचा. दुसऱ्या रीतीत खुंटावर अथवा गवताच्या ठोंबावर मूत्राचे थेंब टाकतात, आणि कोयोटी स्वतःची खूण करायला तेथे थांबतो. कॅमेऱ्यासाठी ही दुसरी रीत अधिक सोयीची, कारण तीत खाण्यासारखे काही नसते आणि प्राणी उभा राहतो. बॉबकॅटची गोष्ट वेगळी: तो नाकापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबतो, म्हणून त्याच्यासाठी पीस किंवा चकाकती चकती वाऱ्यावर हलेल अशी टांगतात. आपल्या वाघाटीसाठीही हाच विचार करून पाहण्यासारखा आहे.

शिवाय आपला हेतू मोजणीचा असल्यास सापळेवाल्यांपेक्षा येथील सर्वेक्षकांकडून अधिक शिकता येईल. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत कोयोटींचा अंदाज घेण्यासाठी गंधस्थानकांची पद्धत सुरू झाली. चाळलेल्या मातीचे वर्तुळ आखून त्याच्या मध्यभागी गंध ठेवायचा आणि सकाळी पावलांचे ठसे पाहायचे, अशी ती पद्धत. आरंभी आंबवलेल्या अंड्याचा पदार्थ वापरीत. तो दर वेळी सारखा निघेना, म्हणून त्यातील वाष्पशील मेदाम्लांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रण प्रयोगशाळेत तयार केले गेले आणि ते प्लास्टरच्या लहान चकत्यांत मुरवून वापरले जाऊ लागले. सर्वांत आकर्षक वास शोधण्यापेक्षा प्रत्येक स्थानकावर तोच वास तितकाच असावा, याला तेथे अधिक किंमत होती.

परदेशातून मूत्र किंवा ग्रंथींचा अर्क मागवण्याच्या भानगडीत पडू नका. जकातीचा आणि परवान्याचा त्रास आहेच, आणि मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू पसरतो. गोव्याच्या पावसाळ्यात या रोगाची धास्ती आपणाला मी सांगायला नको.

काणकोणचे कुळागर (उत्तर)

वरची चर्चा उत्तम आहे, तरी बागायतदाराच्या बाजूने दोन शब्द लिहितो. भुकेचा गंध म्हणून कोणी सुका बांगडा ठेवायचे म्हणेल, पण त्याचा वास कोल्ह्याआधी वाड्यावरच्या कुत्र्यांना लागतो, आणि कुत्र्यांची टोळी एकदा त्या जागी येऊ लागली की उदमांजर त्या वाटेने फिरकत नाही. कोल्हे आणि कुत्री एकाच खुंटाभोवती जमवणे म्हणजे पिसाळरोग आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा साथीचा रोग) यांना आमंत्रण देणे होय. रानडुकरे माशाच्या वासावर येतात आणि खुंट, माती, कॅमेरा सगळेच उकरून टाकतात. त्यांच्या वाटेवर शेजारच्या कोणी फासकी लावलेली असली, तर आपल्या गंधाने भुलून आलेला प्राणी तिच्यात सापडण्याची भीती निराळीच. म्हणून गंध ठेवण्याआधी भोवतालच्या कुंपणांची आणि वाटांची एकदा पाहणी करून घ्यावी. ही पाहणी माझ्या मते परवानगीइतकीच आवश्यक आहे.

मोसमाचेही पाहावे लागेल. मार्च ते मे या काळात काजूच्या बागेत पिकलेल्या बोंडांचा सडा पडलेला असतो आणि काजूच्या दारूच्या भट्ट्यांकडून येणारा आंबूस वास सगळ्या डोंगरावर पसरलेला असतो. त्या दिवसांत गंधात भिजवलेल्या आपल्या कापसाच्या बोळ्याला कोण विचारतो? उदमांजर बोंडांसाठी, आणि पुढे फणसासाठी, स्वतःहून येते. ज्या झाडाखाली अर्धवट खाल्लेली फळे आणि बियांनी भरलेली विष्ठा दिसेल, त्या झाडासमोर कॅमेरा लावावा. गंधाची आवश्यकताच उरत नाही. हुर्राकाच्या (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) वासावर कोणते दोन पायांचे प्राणी येतात, त्याची नोंद मात्र ठेवू नये.

प्राणिशास्त्राची शिक्षिका (उत्तर)

मला येथे नोंदीच्या बाजूने लिहावेसे वाटते. आपण हिवाळ्यापासून गंधाविना घेतलेल्या छायाचित्रांचा संच ही मोलाची गोष्ट आहे. आता काही कॅमेऱ्यांपुढे गंध ठेवला आणि काहींपुढे ठेवला नाही, किंवा दर आठवड्याला वास बदलला, तर कोल्हे वाढले की वासामुळे थांबू लागले, हे आपणाला कधीच सांगता येणार नाही. गंधामुळे मांसभक्षी प्राणी अधिक वेळा टिपले जातात, पण त्याच वासाने भेकर किंवा पिसोरी बिचकून दूर राहण्याचा संभव असतो. अशा वेळी छायाचित्रांच्या संख्येवरून प्राण्यांची संख्या काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. गंध ठेवायचाच असेल तर प्रत्येक ठिकाणी तोच ठेवावा, तेवढाच ठेवावा, ठरलेल्या दिवशी ताजा करावा, आणि गंधाचे दिवस व बिनगंधाचे दिवस वहीत वेगळे लिहावेत.

परंतु त्याआधी कॅमेऱ्याची जागा तपासावी असे मी सुचवीन. कोल्ह्याच्या शेपटीचेच चित्र मिळते याचा अर्थ बहुधा असा, की कॅमेरा वाटेला काटकोनात आहे आणि तो जागा होईपर्यंत प्राणी पुढे सरकलेला असतो. वाटेशी तिरका कोन करून, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या कमी उंचीवर कॅमेरा बसवल्यास प्राणी समोरून येताना दिसेल. गावठी वाटा जेथे दुभंगतात, ओहोळाच्या कडेला जेथे वाळू साचते, किंवा दगडावर जेथे विष्ठा वारंवार आढळते, तेथे कोल्हे आणि मांजरे आपण होऊन थांबतात, कारण ते त्यांचे स्वतःचे गंधस्थानकच असते. अशा ठिकाणी माणसाने आणखी वास ओतण्याचे कारण नाही.

वाऱ्याविषयी वर कोणी लिहिलेले नाही. आपल्याकडे दुपारी समुद्राकडून वारा येतो, पण थंडीच्या रात्री उतारावरची गार हवा ओहोळाच्या दिशेने खाली सरकत असते. प्राण्यांची ये-जा रात्रीची, म्हणून गंध वाटेच्या वरच्या अंगाला ठेवला तरच तो वाटेवर उतरेल. खालच्या अंगाला ठेवलेला वास दरीत जाईल आणि आपण गंधालाच दोष देत बसाल.

माणसाचा वासही विसरू नये. अमेरिकेतील सापळेवाले रबरी हातमोजे घालतात आणि सापळे उकळून त्यांना मेण लावतात. सत्तरीत माकडतापाच्या मोसमात पायांना गोचीडप्रतिबंधक तेल चोळूनच रानात शिरावे लागते, ते टाळू नये. फक्त त्याच हातांनी कॅमेऱ्याचा पट्टा आणि खुंट हाताळू नये.

वाळपईकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवानगीचा अर्ज या आठवड्यात देतो, आणि तोपर्यंत कॅमेऱ्यांचे कोन व उंची बदलून पाहतो. मांस आणि मासळी यांचा विचार सोडून दिला आहे. अर्जात नेमका कोणता गंध लिहावा, एवढा प्रश्न उरतो. हिंग आणि व्हॅलेरियन या दोन्ही वस्तू येथे मिळण्यासारख्या आहेत असे दिसते. शिवाय यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीसाठी, म्हणजे अवनीसाठी, २०१८ मध्ये वन विभागाने एक परदेशी अत्तर वापरल्याचे वृत्तपत्रांत आले होते. ते उदमांजराच्या जातीला चालेल का?

मूळ फोंड्याचा, मुक्काम मोंटाना

ते अत्तर म्हणजे कॅल्विन क्लाईन यांचे ‘ऑब्सेशन फॉर मेन’. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चित्त्यांपुढे अनेक अत्तरे ठेवून पाहिली गेली, तेव्हा ते याच्याजवळ सर्वाधिक वेळ रेंगाळले. पुढे ग्वातेमालाच्या जंगलात जग्वारांसाठी कॅमेऱ्यांपुढे ते वापरले गेले. त्यात कृत्रिम सिव्हेटोन असल्याचे सांगतात. सिव्हेटोन हा जवादी मांजराच्या ग्रंथींतील कस्तुरीसारख्या स्रावाचा मुख्य घटक आहे, त्यामुळे मार्जारकुळासाठी जो कुतूहलाचा गंध ठरतो तो जवादी मांजरासाठी शेजाऱ्याचा गंध ठरण्याची शक्यता मोठी आहे. एकेकाळी या स्रावासाठी आपल्याकडेही ही मांजरे पिंजऱ्यात ठेवीत. तसा नैसर्गिक अर्क कोणी देऊ केला तरी घेऊ नका. पांढरकवड्यात अत्तर वापरूनही वाघीण बेशुद्ध करून धरता आली नाही आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती गोळीने मारली गेली. अत्तराच्या कीर्तीबरोबर तेवढे ध्यानात असावे. किंमत पाहता मी ते अर्जात लिहिणार नाही.

हिंगाला माझी पसंती आहे. त्याचा दर्प गंधकाच्या संयुगांचा असतो आणि स्कंकचा दर्पही गंधकाच्याच संयुगांचा. म्हणूनच हिंग येथील जुन्या मिश्रणांत शिरला. मात्र डबीतील बांधणीचा हिंग घेऊ नये, कारण त्यात पीठ आणि डिंक असतो, आणि पिठावर मुंग्या जमतात. खडा हिंग चिमूटभर कुटून थोड्या स्पिरिटमध्ये मुरवावा आणि गाळून ग्लिसरीनमध्ये मिसळावा. ग्लिसरीनमुळे वास हळूहळू सुटतो.

प्राणिशास्त्राची शिक्षिका

व्हॅलेरियनच्या जागी आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी तगरीची मुळे वापरता येतील. अंगणातील पांढऱ्या फुलांची तगर नव्हे. या काष्ठौषधी तगरीच्या सुकलेल्या मुळांना आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास येतो आणि तो मांजरांना ओढतो. वाघाटी हे आपले मुख्य लक्ष्य असेल तर तगर, कोल्हा असेल तर हिंग. दोन्ही एकत्र करू नयेत, नाहीतर कोण कशासाठी थांबला ते कळणार नाही. माझ्या मते अर्जात एकच गंध लिहावा, आणि तो हिंग असावा, कारण तो प्राण्यांचे खाद्य नाही, विषारी नाही आणि गस्तीवरच्या कोणत्याही वनरक्षकाला तो वासावरून ओळखता येतो.

वास द्यावा, घास देऊ नये, म्हणून कापसाचा बोळा भोके पाडलेल्या पत्र्याच्या डबीत ठेवून डबी खुंटाला तारेने घट्ट आवळावी. खुंट कॅमेऱ्यापासून दोन ते तीन मीटरवर असावा आणि डबी कोल्ह्याच्या नाकाच्या उंचीला यावी. दंवाने बोळा भिजू नये म्हणून वर नारळाची करवंटी पालथी बांधावी. गंध ताजा करायला जाल ते दुपारी जा, संध्याकाळी नको, म्हणजे आपल्या पावलांचा वास रात्रीपर्यंत थोडा तरी निवळेल. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ अर्जात लिहा: तेव्हा पाऊस नसतो, बोंडे पडायला सुरुवात झालेली नसते आणि कोल्ह्यांच्या जोड्या जमण्याचा काळही थंडीच्या अखेरीस येतो. जूनमध्ये पाऊस लागल्यावर करवंटीचाही उपयोग होणार नाही. म्हणून फेब्रुवारी संपताच डब्या काढून घ्याव्यात आणि कॅमेरे बिनगंधाचे चालू ठेवावेत.

निवृत्त वनकर्मी

अर्जाला जागेचा नकाशा, प्रत्येक खुंटाचे जीपीएस स्थान आणि वापरावयाच्या पदार्थाचे नाव व प्रमाण जोडा. छायाचित्रांत फासकी, बंदूक किंवा अनोळखी माणूस आढळल्यास ती वन विभागास देईन, अशी एक ओळही त्यात लिहा. परवानगी आल्यावर तिची छायाप्रत प्लास्टिकमध्ये घालून कॅमेऱ्याच्या झाडालाच बांधून ठेवावी.